इ-श्रम कार्ड: परगावी कामाला जाणाऱ्यांना कितपत उपयोगी?

खानापूरहून गोव्याला जाणारा, निपाणीहून कोल्हापूरच्या एमआयडीसीत जाणारा आणि बिहारहून बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) आलेला, तिघांचंही काम सुटलं की अडचण एकच. आपण कुठलं काम जाणतो हे दाखवायला हातात कागद नसतो. ऑगस्ट 2021 मध्ये सुरू झालेलं, असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं इ-श्रम कार्ड ही उणीव बऱ्यापैकी भरून काढतं, मात्र फॉर्म नीट भरला तरच.

वय 16 ते 59 हवं, आयकर भरणारा किंवा पीएफ किंवा ईएसआयचा (कामगार विम्याचा) सदस्य नसावा. आधार, त्याला जोडलेला मोबाइल आणि बँक खातं लागतं. नोंदणी मोफत आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. जानेवारी 2025 पासून पोर्टल 22 भाषांत आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही असल्यानं सीमाभागात ही फार मोठी सोय झाली.

खरी मेख व्यवसायाच्या रकान्यात आहे. नोंदणीच्या सेंटरवर गर्दी असली की 'मजूर' किंवा 'हेल्पर' टाकून मोकळे होतात, आणि सहा वर्षं साचे भरणाऱ्याचं कसब कागदावरून पुसलं जातं. सरकारी यादीत प्रत्येक व्यवसायाला कोड असतो. मोल्डर (साचे भरणारा) आणि कोअरमेकरचा (साच्यातला गाभा बनवणाऱ्याचा) कोड 7211 नं सुरू होतो, वेल्डरचा 7212 नं. तो शोधूनच टाकायला सांगा, अनुभवाची वर्षंही भरा. गावाकडे शेती करत असाल तर ती दुय्यम व्यवसायात लिहा. कार्डाच्या नंबरावर नॅशनल करिअर सर्व्हिस या सरकारी नोकरी-शोध पोर्टलवर नाव नोंदवता येतं. तिथं काम शोधताना नुसतं 'हेल्पर' लिहिलेलं काय कामाचं?

स्थलांतरित आहात का, याला 'हो' म्हणा. कायमचा पत्ता गावचा, सध्याचा पत्ता खोलीचा. खोली बदलली की तोही बदला. सिम बदललं असेल तर ओटीपी येणार नाही, अशा वेळी सेंटरवर अंगठा देऊन काम होतं.

आणखी एक घोळ नेहमीचा. पीएफच्या आणि या कार्डाच्या, दोन्ही 12 आकडी नंबरांना यूएएनच (युनिव्हर्सल अकाउंट नंबर) म्हणतात. इ-श्रमचा नंबर पीएफच्या साइटवर चालत नाही.

ओळखीचा कागद म्हणून पाचपैकी चार, काम मिळवून देण्यात दोन. छोट्या फाउंड्रीत भरती अजून ठेकेदाराच्या आणि गाववाल्यांच्या शब्दावर होते, पोर्टलवर जागा पडायची वाट कुणी बघत नाही. तेव्हा कार्ड काढा, पण ठेकेदाराचा फोन नंबरही जपून ठेवा. अडलं तर हेल्पलाइन 14434.