क्लोरोफिल: बाटलीतले थेंब, गव्हांकुर की पालेभाजी?

बाटलीवर पुढे ‘लिक्विड क्लोरोफिल’ असलं, तरी मागे बहुतेक वेळा ‘सोडियम कॉपर क्लोरोफिलिन’ छापलेलं असतं. पानातल्या क्लोरोफिलच्या मधोमध मॅग्नेशियम असतं आणि ते तेलात विरघळतं. बाटलीतलं मात्र मॅग्नेशियमच्या जागी तांबं बसवून पाण्यात विरघळेल असं केलेलं असतं. तरी ते निरुपयोगी नाही. चीनमधल्या चिडोंगला १८० जणांवर चाचणी झाली होती. दिवसातून तीनदा १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या लघवीत, अफ्लाटॉक्सिनने (धान्यावरच्या बुरशीच्या विषाने) डीएनएला केलेल्या इजेची खूण निम्म्याहून कमी आढळली (२००१). त्वचेचं म्हणाल, तर मुरुमांवरच्या छोट्या चाचण्या झाल्या त्या वरून लावायच्या जेलच्या. पिऊन चेहरा उजळतो, या दाव्याला तेवढा आधार नाही. थेंबांनी शौच हिरवं होतं, जीभ काळपट होऊ शकते आणि शौचातल्या रक्ताची तपासणी चुकीची पॉझिटिव्ह येऊ शकते. तपासणी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

गव्हांकुर ताजे, स्वस्त आणि घरचे. गहू आठ-दहा तास भिजवून, मोड आणून, भोकं असलेल्या ट्रेमध्ये दाणे एकमेकांवर चढणार नाहीत असे पसरायचे. साधारण आठवडाभरात वीतभर झाले की मुळापासून बोटभर वर कापायचे. नाशकात थंडीत दोन-तीन दिवस जास्त लागतात, एवढंच.

माझं गाडं अडलं ते पावसाळ्यात. आषाढ-श्रावणात हवा कोंदट, ऊन नाही, आणि दाण्यांच्या थरात बुरशी धरते. मुळांवरची पांढरी लव म्हणजे बुरशी नव्हे. पाण्याचा फवारा मारला की लव मुळाला चिकटून दिसेनाशी होते. बुरशी जाळ्यासारखी दाण्यादाण्यांत पसरते, पुढे राखाडी-निळी पडते, कुबट वास येतो. असा ट्रे अख्खा टाकायचा. रस कच्चाच प्यायचा असल्याने वरवरची पाती वाचवण्यात अर्थ नाही. थर पातळ ठेवून, फक्त सकाळी पाणी देऊन आणि पंखा लावून त्रास कमी होतो, पण थांबत नाही. रोज सकाळी ट्रे नाकाशी धरून वास घ्यायचा, याचा मला खरोखर वीट येतो.

म्हणून माझा कल पालेभाजीकडे. पंचवटीच्या मार्केट यार्डातून नाशिकभर पालक, मेथी, शेपू बाराही महिने येतात, पावसाळ्यात फक्त तीन-चार पाण्यांतून माती काढावी लागते. पालक उघड्या कढईत दोन-तीन मिनिटंच परता. झाकण ठेवलं की पानातलं आम्ल वाफेबरोबर बाहेर न जाता आतच राहतं, मॅग्नेशियम सुटतं आणि रंग शेवाळी पडतो. टोमॅटो किंवा चिंच म्हणूनच शेवटी. सोड्याने रंग टिकतो, पण क जीवनसत्त्व जातं. चमचाभर तेल हवंच, त्याशिवाय ल्युटिन, बीटा कॅरोटिन ही रंगद्रव्यं आणि के जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही. माझ्या मते त्वचेला खरा आधार या सोबत्यांचाच असतो, एकट्या हिरव्या रंगाचा नाही.

वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारं, के जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करणारं औषध) चालू असेल तर पालेभाजी सोडू नका, अचानक वाढवूही नका. रोजचं प्रमाण सारखं ठेवा. सतत फिरतीवर असणाऱ्याला, जेवणात पाला येतच नसेल तर, बाटली कदाचित सोयीची पडेल. घेतलीत तर पाण्यात मिसळून स्ट्रॉने घ्या आणि वर खळखळून चूळ भरा.