चतुर्भुज नाल्यातला गेरू : ठाण्याहून चार दिवसांची सहल

मी सव्वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. वारली चित्रासाठी मुलांच्या कागदावर गेरूचा पहिला हात मीच मारून द्यायचे. नौपाड्यातली एक छोटी सहल संस्था चंबळकाठची शैलचित्रं दाखवायला नेते हे कळलं आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन पैसे भरले. माणशी साडेतेरा हजार, आम्ही बारा जण, जानेवारीतले चार दिवस.

गावदेवीला जमून घोडबंदर रोडने बोरिवली, तिथून रात्रीची गाडी, सकाळी भवानी मंडी. पुढे मध्य प्रदेशातलं भानपुरा आणि गांधीसागर अभयारण्य. मुक्काम साधा, अंघोळीला गरम पाणी वेळेवर.

चतुर्भुज नाला म्हणजे रानातून चंबळेकडे जाणारा ओढा. जवळच्या चतुर्भुजनाथाच्या देवळावरून हे नाव पडलं. काठाने खडकांच्या कपारींची रांगच लागते. वरचा कातळ छपरासारखा पुढे आलेला, त्यामुळे पाऊस थेट भिंतीवर येत नाही आणि गेरू टिकून राहिला आहे. हरणं, बैल, शिकारी, एकमेकांचे हात धरून नाचणारी माणसं. आपल्याकडे वारलीत गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ येते. इथे फिकट दगडावर गेरूचीच रेघ. एका बैलाच्या वशिंडापाशी मी बराच वेळ उभी होते. रेघ मानेशी जाड सुरू होते, वशिंडावरून वळते आणि पाठीवर उतरताना विरळ होत जाते. तिथे काढणाऱ्याचा रंग संपत आला होता. त्याने परत रंगात बुडवून ती रेघ गिरवली नाही. हे मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले: गिरवू नका रे!

आमचा सहलप्रमुख माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने सोबत पांढरा पुठ्ठा आणला होता. कपारीत अंधार असला की तो पुठ्ठ्यावर ऊन घेऊन चित्रावर हलकेच पाडायचा. दुसऱ्या एका गटाच्या गाइडने रंग उठून दिसावा म्हणून पाण्याची बाटली उघडली, तेव्हा हा धावत गेला. ओलं केलं की रंग घटकाभर उजळतो, पण पाणी वाळताना क्षार वर येतात आणि चित्रावर पांढरट थर धरतो, हे त्याने त्या गाइडला न रागावता समजावलं आणि आपला पुठ्ठा त्यांना वापरायला दिला. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

संध्याकाळी तो शैलचित्रांचे अभ्यासक, पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांबद्दल बोलला. जन्म १९१९चा, याच भागातल्या नीमचचा. १९५७ साली रेल्वेगाडीतून जाताना त्यांना भोपाळजवळच्या भीमबेटकाचे खडक दिसले, ते तिथे जाऊन पोहोचले आणि तिथली शैलचित्रं त्यांना सापडली. २००३मध्ये ते ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. संस्थेने दिलेल्या पत्रकात सगळीच चित्रं तीस हजार वर्षांपूर्वीची म्हटली आहेत. अहो, तिथे चाकांचे रथ आहेत! शिकारीवर जगणाऱ्यांपासून ऐतिहासिक काळापर्यंत वेगवेगळ्या हातांनी, काही ठिकाणी जुन्या चित्रावरच नवं काढलं आहे, आणि तेच तर बघण्यासारखं आहे. दुसरं, १८११मध्ये भानपुऱ्यातच वारलेल्या यशवंतराव होळकरांच्या छत्रीला जेमतेम वीस मिनिटं दिली. मराठी माणसांना घेऊन जाता, तर तिथे निदान तासभर थांबा. दोन्ही गोष्टी मी ऑफिसात जाऊन सांगितल्या. पत्रक बदलतो म्हणाले.

जाणाऱ्यांनी घट्ट पकडीचे बूट घालावेत; काठाचे दगड ओबडधोबड आहेत आणि गुडघे दुखत असतील तर काठी लागतेच. दुर्बीण न्या, काही चित्रं बरीच उंचावर आहेत. आणि जमलं तर वही-पेन्सिल ठेवा. फोटोत ती वशिंडाची रेघ मला सापडली नाही, वहीत आहे.