बुर्ज खलिफाचं सनसेट तिकीट: क्यूआर कोड एक, विकला अनेकांना

दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी जवळ आली की व्हॉट्सॲपवर दुबईच्या तिकिटांच्या जाहिराती फिरायला लागतात. अशाच एका जाहिरातवाल्याने आमच्या कुटुंबाला फसवलं. त्याची पद्धत इतकी नीट आखलेली आहे की नुसतं ‘सावध राहा’ म्हणून कोणालाच उपयोग होणार नाही. म्हणून तपशिलात लिहिते आहे.

विमान आणि हॉटेल आम्ही स्वतः बुक केलं होतं. फिरण्याची तिकिटं तेवढी या माणसाकडून घेतली. दुबईतल्या देरा भागात ऑफिस, नंबर मात्र भारतातला. आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाने आधी त्याच्याकडून डेझर्ट सफारी केली होती, ती व्यवस्थित झाली होती. आमचीही सफारी आणि खाडीतली धाऊ क्रूझ (पारंपरिक लाकडी जहाजातली फेरी) अगदी सुरळीत झाली. गाडी वेळेवर आली, जेवण चांगलं होतं, ड्रायव्हर आदबीने वागला. रोज संध्याकाळी ‘ताई, काही त्रास नाही ना?’ असा मेसेज यायचा.

बुर्ज खलिफा त्याने शेवटच्या दिवशी ठेवलं होतं. तेव्हा त्याचं कारण ‘शेवट भव्य व्हावा’ असं सांगितलं. खरं कारण मला आता कळतं. त्याच रात्री आमचं परतीचं विमान होतं. भांडायला, पोलिसांकडे जायला, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला वेळच उरत नाही.

माझे सासरे, अण्णा, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. सूर्यास्ताची वेळ हवी हा त्यांचाच आग्रह होता. इमारत 828 मीटर उंच, आणि 124 व्या मजल्यावरची गच्ची 452 मीटरवर. तिथून हवा स्वच्छ असेल तर क्षितिज सुमारे 76 किलोमीटरवर जातं, हे त्यांनी घरी कागदावर गणित करून नातवाला दाखवलं होतं. उंचावर सूर्य उशिरा मावळतो, म्हणून रमजानमध्ये या इमारतीत 80 व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटं आणि 150 च्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटं उशिरा रोजा सोडावा, असं तिथल्या धर्मगुरूंनी 2011 मध्ये जाहीर केलं होतं. हे त्यांनी आम्हाला कितीतरी वेळा सांगितलं असेल. तिकिटाचे पैसेही त्यांनीच पेन्शनमधून दिले.

या सूर्यास्तावरच फसवणूक उभी आहे. तिकीट ठरावीक वेळेचं असतं, मावळतीच्या आसपासची वेळ सगळ्यात महाग असते आणि सुट्टीत ती आधीच संपते. अधिकृत संकेतस्थळावर आम्हाला हवी ती वेळ भरलेली दिसत होती. हा म्हणाला, ‘आमचा एजंट कोटा असतो, मी काढून देतो.’ तिकिटं विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे अशी तिकिटं खरोखर असतात, त्यामुळे ते बोलणं खोटं वाटण्याचं कारण नव्हतं. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यावर मागितले. कंपनीच्या खात्यावर दिले तर टीसीएस (विकणाऱ्याने ग्राहकाकडून गोळा करायचा कर) भरावा लागेल, असं कारण दिलं. तासाभरात पीडीएफ आली. त्यावर आमची नावं, तारीख, वेळ, बुकिंग नंबर आणि प्रत्येकाचा वेगळा क्यूआर कोड होता.

प्रवेश दुबई मॉलच्या आतून, खालच्या मजल्यावरून आहे. रांगेत आमचा नंबर आला, गेटवरच्या मुलीने पहिला कोड स्कॅन केला आणि लाल दिवा लागला. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे लाल. तिने आपल्या हातातल्या यंत्राचा पडदा आमच्याकडे वळवून दाखवला: हीच तिकिटं थोड्या वेळापूर्वी वापरून कोणीतरी आत गेलेलं होतं. पाचवा कोड माझ्या धाकटीचा. ती तीन वर्षांची. त्या कोडचं तिकीट यंत्रणेत नव्हतंच. ‘चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही,’ ती मुलगी म्हणाली. म्हणजे जे तिकीट मुळात लागत नाही, त्याचेही पैसे त्याने घेतले होते आणि कोड नुसता चित्र म्हणून डकवला होता.

आम्हाला बाजूला उभं केलं. आमचं मराठी ऐकून एक जोडपं जवळ आलं. कोल्हापूरकडचे होते, तेही तसेच अडवलेले. दोघांनी फोन शेजारी धरले. बुकिंग नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत तोच. कोड तेच. फक्त नावं वेगळी. पीडीएफ मोठी करून पाहिली तेव्हा नावाच्या ओळीमागे पांढऱ्या रंगाची किंचित वेगळी छटा दिसली आणि त्या ओळीतली अक्षरं बाकीच्यांपेक्षा जराशी जाड होती. फोनच्या छोट्या पडद्यावर हे कोणालाच दिसलं नसतं.

तर प्रकार असा. तो खरी तिकिटं एकदाच विकत घेतो. त्या पीडीएफवरचं नाव बदलतो आणि तीच तिकिटं एकाच वेळेसाठी निरनिराळ्या कुटुंबांना विकतो. जे आधी पोचतात ते आत जातात, खूश होतात आणि घरी येऊन त्याचंच नाव चार जणांना सांगतात. त्या कुटुंबाला यातलं काहीच माहीत नसतं. आमच्या सोसायटीतल्या लोकांनी त्याची शिफारस केली, त्यातही खोट काहीच नव्हती.

फोन केला तर म्हणाला, ‘ताई, त्यांची सिस्टिम डाउन असेल, दहा मिनिटं थांबा.’ मग ‘मी माणूस पाठवतो.’ मग मेसेजवर एकच टिक यायला लागली. आमचा नंबर त्याने ब्लॉक केला होता. काउंटरवर चौकशी केली. सूर्यास्ताची वेळ संपलेली, उरलेली वेळ रात्री उशिराची, आणि आम्हाला विमानतळावर पोचायचं होतं. तिथल्या कर्मचाऱ्यांना मी दोष देणार नाही. त्यांच्या नोंदीप्रमाणे ते तिकीट वापरून झालेलं होतं आणि त्यांनी आमच्याशी चांगलंच वर्तन केलं. दुबई पोलिसांचा तातडीच्या नसलेल्या तक्रारींचा नंबर 901 आहे, हे आम्हाला त्या वेळी माहीत असतं तर निदान तक्रार तरी तिथे नोंदवली असती. अण्णा कोणाला काही बोलले नाहीत. वयाच्या पंच्याहत्तरीत पुन्हा तिथे जाणं होईलच असं नाही, आणि मला राग येतो तो याचा.

न्यूयॉर्कला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली की एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या आसपास, 34 व्या रस्त्यावर, गळ्यात ओळखपत्र आणि अंगात रंगीत जाकीट घातलेले लोक ‘आत तीन तासांची रांग आहे, आमच्याकडे लगेच जाण्याचं तिकीट आहे’ म्हणून पर्यटकांना गाठतात. तिथेही 86 व्या आणि 102 व्या मजल्याचे पैसे वेगळे. दुबईत तसंच 124 आणि 148. विकणारा ‘टॉप फ्लोअर’ म्हणतो आणि मजल्याचा आकडा सांगत नाही. आपल्याकडच्या टूरच्या कागदांवर ‘बुर्ज खलिफा व्हिजिट’ एवढंच लिहिलेलं असेल तर तेही विचारून घ्या. कित्येकदा त्याचा अर्थ खाली तलावाजवळ उभं राहून फोटो काढणं एवढाच असतो. मजला, वेळ आणि ‘प्रवेशासह’ हे शब्द कागदावर लिहून मागा.

पीडीएफ हातात आली म्हणजे तिकीट मिळालं, असं धरू नका. बुकिंगच्या वेळी तुमचा स्वतःचा ईमेल द्या आणि तिकीट विकणाऱ्या मूळ कंपनीकडून पुष्टी थेट त्या ईमेलवर आली तरच पैसे पूर्ण द्या. मधला माणूस ‘मी फॉरवर्ड करतो’ म्हणाला तर तिथेच थांबा. शक्य असेल तर क्रेडिट कार्ड वापरा, कारण सेवा मिळाली नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत, मागता येतो. यूपीआयने स्वतःहून पाठवलेले पैसे परत मिळवणं फार अवघड. आणि महागडं तिकीट परतीच्या दिवसाचं कधीच घेऊ नका.

भारतात आल्यावर आम्ही सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. तोवर खात्यातले पैसे पुढे गेलेले होते. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम 318 खाली अर्ज दिला आहे. ग्राहक आयोगातही जाणार आहोत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. कोल्हापूरच्या कुटुंबानेही तिकडे अर्ज केला आहे. त्या माणसाने आता नंबर आणि नाव बदललंय, पण सूर्यास्ताच्या फोटोवर ‘एजंट कोटा, मर्यादित जागा’ लिहिलेली त्याची जाहिरात गेल्याच आठवड्यात माझ्या भावजयीला आली. ज्यांनी पैसे भरले असतील त्यांनी चॅट आणि मूळ पीडीएफ पुसून टाकू नये, आणि बुकिंग नंबर आजच मूळ कंपनीकडे विचारून घ्यावा.