माटोमो: यंत्रांच्या मॅन्युअलच्या साइटवर एक गळीत हंगाम

माटोमो म्हणजे साइटवर किती लोक आले, त्यांनी काय वाचलं, काय शोधलं हे मोजणारं साधन. साइट आहे हायड्रॉलिक पॉवर पॅकच्या (यंत्राला दाबाखाली तेल पुरवणाऱ्या पंप-टाकीच्या संचाच्या) मॅन्युअलची. पॅक बेळगावच्या उद्यमबागेत बनतात आणि चिकोडी, निपाणी, अथणीकडे साखर कारखान्यांत चालतात. मजकूर मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. पॅनेलच्या दारावर क्यूआर कोड. वाचणारा बहुतेक वेळा फिटर किंवा ऑपरेटर, हातात मोबाइल, मशीन बंद.

गूगल अॅनालिटिक्स ४ हे गूगलचं तसंच साधन न घेण्याचं कारण हंगामच. फुकट आवृत्तीत 'एक्स्प्लोर'मधला (आकडे स्वतः हवे तसे मांडून बघण्याच्या भागातला) तपशील मुळात २ महिने आणि सेटिंग बदलल्यास १४ महिने टिकतो (ठरावीक रिपोर्ट त्यानंतरही दिसतात). नोव्हेंबर ते मार्च असे दोन हंगाम शेजारी ठेवायचे तर १७ महिने लागतात. माटोमो आपल्याच सर्व्हरवर, पीएचपी ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि मारियाडीबी हा डेटाबेस यांवर चालतं. कच्च्या नोंदी काढून टाकल्या तरी तयार रिपोर्ट ठेवता येतात. साधं शेअर्ड होस्टिंग पुरतं. फक्त ब्राउझर उघडल्यावर रिपोर्ट बनवण्याची सोय बंद करून आर्काइव्हचं (रिपोर्ट आधीच बनवून ठेवण्याचं) काम दर तासाला क्रॉनवर (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सोयीवर) टाका, नाहीतर महिन्याचा रिपोर्ट उघडताना डॅशबोर्ड लटकतो.

आता आकड्यांकडे. मॅन्युअलच्या साइटवर बाउन्स रेटकडे (एकच पान बघून परत गेलेल्यांच्या प्रमाणाकडे) बघून घाबरू नये. क्यूआर स्कॅन केला, एरर कोडचं पान उघडलं, वाचलं, फोन खिशात गेला: हा १०० टक्के बाउन्स, आणि पानाने आपलं काम चोख केलेलं. पानावरचा वेळ तर याहून फसवा. माटोमो मुळात एका पानापासून पुढच्या पानापर्यंतचा वेळ मोजतं, म्हणून शेवटच्या पानाला शून्य मिळतं. त्यासाठी हार्टबीट टायमर चालू करावा लागतो. तो १५ सेकंदांचा असतो आणि टॅब समोर असेल तेवढाच वेळ धरतो. तरीही फोन पॅकवर ठेवून फिल्टर बदलणारा आणि परिच्छेद चार वेळा वाचूनही न उमगलेला, दोघे सारखेच दिसतात.

खरं सोनं साइटवरच्या शोधात आहे, त्यातही 'निकाल न मिळालेले शब्द' या रिपोर्टमध्ये. पण तो आपोआप भरत नाही. स्टॅटिक साइटवरचा (आधीच तयार केलेली पानं जशीच्या तशी देणाऱ्या साइटवरचा) शोध ब्राउझरमध्येच चालतो, पत्ता बदलत नाही, त्यामुळे माटोमोला काही कळतच नाही. ट्रॅकसाइटसर्च हे फंक्शन स्वतः बोलवायचं आणि त्यात तिसरी किंमत म्हणून निकालांची संख्या द्यायची. टायपिंग थांबल्यावर दीडेक सेकंदाने बोलवा; तसं न केल्यास 'प', 'पं', 'पंप' अशा तीन नोंदी पडतात.

हा रिपोर्ट भरू लागला की मराठी साइटवर एक विचित्र गोष्ट दिसू शकते: देवनागरीतला प्रत्येक शोध शून्यावर. त्यात वाचकाची चूक नसते. असा ब्राउझरमधला शोध चालवणाऱ्या लुनर या लायब्ररीचा मूळ ट्रिमर शब्दाच्या दोन्ही टोकांची इंग्रजी नसलेली अक्षरं छाटतो. अख्खा शब्दच देवनागरी असेल तर इंडेक्समध्ये (शोधायच्या शब्दांच्या यादीत) काहीच उरत नाही. ट्रिमर काढा किंवा देवनागरी ओळखणारा लावा. पुढची अडचण विभक्तीची: 'पंपाला', 'पंपाचा', 'पंपातून' हे तीन वेगळे शब्द धरले जातात. आकड्यांचंही तेच. 'ई०७' आणि इंग्रजी अंकांतला तोच कोड जुळत नाहीत, म्हणून शोधण्याआधी अंक एकाच लिपीत आणायचे.

एवढं झाल्यावर जे शून्य उरतात ते लेखकासाठी. मॅन्युअलमध्ये शीर्षक 'कॅव्हिटेशन', लोक शोधतात 'पंप आवाज करतो'. मॅन्युअलमध्ये 'रिलीफ व्हॉल्व्ह समायोजन', शोधात 'प्रेशर चढत नाही', तेही अनेकदा इंग्रजी अक्षरांत. वाचक लक्षण घेऊन येतो, आपण भागाचं नाव लिहून बसतो. पान तेच ठेवून वर लक्षण आणि त्याची कारणं अशी एक ओळ घातली ('पंप आवाज करतो': सक्शन स्ट्रेनर तुंबला, सक्शन लाइन हवा ओढते, तेल फार जाड आहे), की ते शब्द यादीतून गळतात.

दुसरा कामाचा रिपोर्ट ट्रान्झिशन्स: एखाद्या पानावर लोक कुठून आले आणि तिथून कुठे गेले ते. 'तेल गरम होते' आणि 'रिलीफ व्हॉल्व्ह सेटिंग' या पानांत लोक मागेपुढे करताना दिसले, तर पहिल्या पानावर एखादी पायरी अर्धी आहे असं समजावं.

भाषा आणि गाव यांचे रिपोर्ट सीमाभागात जवळजवळ निरुपयोगी. ब्राउझरची भाषा म्हणजे फोनची भाषा, आणि फोन बहुतेकांचे इंग्रजीतच असतात. गाव आयपीवरून ठरतं. मोबाइल डेटावर असलेला निपाणीचा माणूस बेंगळुरूचा किंवा पुण्याचा दिसू शकतो. त्याऐवजी पानावरच्या भाषा-बटणाला इव्हेंट (बटण दाबल्याची नोंद) लावा. मराठीतून इंग्रजीकडे उड्या वायरिंगच्या आणि पॅरामीटरच्या पानांवर पडत असतील, तर तिथलं भाषांतर पुन्हा तपासायला घ्यावं.

क्यूआरच्या पत्त्यात एमटीएम_कॅम्पेन हा पॅरामीटर घालून मॉडेलचं नाव लिहा. नाहीतर स्कॅन, व्हॉट्सअॅपवरची लिंक आणि हाताने टाइप केलेला पत्ता सगळे 'थेट प्रवेश' या एकाच ढिगात पडतात. ऑफिसचा आयपी वगळायला विसरू नका. लहान साइटवर लेखकाचीच ये-जा सर्वात मोठी दिसते.

अॅड ब्लॉकर माटोमोची स्क्रिप्ट अडवतात. पडताळा म्हणून सर्व्हरचे लॉग (प्रत्येक पान मागितल्याच्या सर्व्हरवरच्या नोंदी) आयात करता येतात, पण माटोमोतल्या वेगळ्या साइट आयडीखाली, नाहीतर प्रत्येक भेट दोनदा मोजली जाते.

पीडीएफचं डाउनलोड मोजलं जातं, त्यानंतर ती फाइल कारखान्याच्या ग्रुपवर किती वेळा फिरली ते कधीच नाही. त्यावर अर्धा इलाज एवढाच: प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक असलेला क्यूआर छापा. जुनी प्रिंट भिंतीवर लावून कुणी स्कॅन केली, तर कोणती आवृत्ती अजून वापरात आहे हे कळतं आणि त्याच पत्त्यावर नवीन पान दाखवता येतं.