चोवीस फुटी आरव्हीत सव्वाचार महिने : वापरानंतरचा अनुभव

गाडी घेण्याआधी मी आरव्हीबद्दल, म्हणजे आत घर असलेल्या गाडीबद्दल, जे जे अनुभव वाचले, त्यातले बहुतेक पहिल्या पंधरा दिवसांत लिहिलेले होते. पहिल्या पंधरा दिवसांत सगळंच छान वाटतं. म्हणून हे मुद्दाम सगळी फिरती संपल्यावर, हिशेबाची वही पुढ्यात घेऊन लिहिते आहे.

आम्ही दोघं २०२४ च्या एप्रिलअखेर अमेरिकेतल्या ओहायोहून निघालो आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरी आलो. गाडी २०१७ ची, सेकंडहँड, क्लास सी. म्हणजे पुढे ट्रकसारखी केबिन, तिच्या डोक्यावर एक पलंग आणि मागे खोली. फोर्ड ई-४५० ची चॅसी, व्ही-१० इंजिन, लांबी २४ फूट. वाट अशी: ग्रँड कॅन्यन, पेज, मॉन्युमेंट व्हॅली, मोआब, ब्राइस, झायन, तिथून वर ग्रँड टीटन, यलोस्टोन, ग्लेशियर, आणि परतताना साउथ डकोटा. सुमारे १७,७०० किलोमीटर झाले.

माझं मत आधीच सांगून टाकते. घर म्हणून या गाडीला दहापैकी नऊ. फिरायची गाडी म्हणून पाच, तेही मन मोठं करून. बाकी सगळं या दोन आकड्यांमधल्या फरकाबद्दल आहे.

सुरुवात पाण्यापासून करते, कारण आरव्हीत पाण्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. आमची चांगल्या पाण्याची टाकी १५० लिटरची. वापरलेलं पाणी दोन टाक्यांत जातं: सिंक आणि अंघोळीचं ग्रे टँकमध्ये, संडासचं ब्लॅक टँकमध्ये. सगळे सांगतात ब्लॅक टँकला जपा. प्रत्यक्षात आधी भरते ती ग्रे. शॉवर सुरू ठेवून दोघांनी निवांत अंघोळ केली की दोन दिवसांत दिवा लाल. गरम पाण्याचा बंबही जेमतेम २२ लिटरचा, दुसऱ्याच्या वाट्याला कोमट पाणी येतं.

माझं माहेर मनमाडचं. नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात मी वाढले. तिसऱ्या दिवशी मी शॉवर बंद करून टाकला आणि एका दुकानातून छोटी बादली आणि स्टीलचा मग आणला. सहा लिटरमध्ये एका माणसाची नीट अंघोळ होते, केसांसकट आठ. भांडी आधी कागदाने पुसायची, मग एका टोपात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं. तांदूळ धुतलेलं पाणी त्या साबणाच्या टोपात. दोन दिवस पुरणारी टाकी आम्हाला पाच दिवस पुरायला लागली, आणि त्या पाच दिवसांनीच आमचा प्रवास बदलला. कारण नॅशनल पार्कच्या आतल्या मुक्कामाच्या सुंदर जागा बहुतेक बिनजोडणीच्या असतात: वीज नाही, नळ नाही, ड्रेनेज नाही. पाच दिवस निभावता आलं म्हणून मोआबजवळच्या आर्चेस पार्कमध्ये डेव्हिल्स गार्डन कॅम्पग्राउंडला चार रात्री राहता आलं. गावातल्या पार्किंगसारख्या आरव्ही पार्कमध्ये एकाला एक लागून उभं राहावं लागलं नाही.

ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर, म्हणजे दक्षिण कड्यावर, तर पाण्याचा विचार डोक्यातून जाईना. कड्यावर येणारं सगळं पाणी समोरच्या उत्तर कड्याखालच्या रोअरिंग स्प्रिंग्ज या झऱ्यांतून येतं. १९६० च्या दशकात घातलेली पाइपलाइन तेवढी दरी ओलांडून ते आणते. ती वारंवार फुटते. आम्ही परतीच्या वाटेवर असताना, ऑगस्टच्या शेवटी, ती फुटल्यामुळे साउथ रिमवरचा मुक्काम बंद केल्याची बातमी आली. मे महिन्यात आम्ही तिथेच, ट्रेलर व्हिलेजमध्ये, थेट नळाला पाइप जोडून राहिलो होतो. त्या नळाला लावलेला माझा हात आठवला.

टाक्या रिकाम्या करण्याबद्दल कुणी नीट सांगत नाही, म्हणून सांगते. डंप स्टेशनला रबरी हातमोजे घाला, होज दोन्हीकडून घट्ट बसली आहे हे हाताने ओढून बघा. आधी ब्लॅक टँकची खीळ ओढा, ती पूर्ण वाहिली की मगच ग्रे टँकची. साबणाच्या पाण्याने होज आतून धुऊन निघते. ड्रेनेजची जोडणी असलेल्या जागी ब्लॅकची खीळ कायम उघडी ठेवू नका, नुसतं पाणी वाहून जातं आणि उरलेलं तळाशी थिजून बसतं. कढईतलं तेल सिंकमध्ये कधीही नको. एवढं पाळलंत तर या कामाची किळस दुसऱ्या आठवड्यात जाते. आमच्याकडे ते काम ह्यांचं, आणि ह्यांनी ते सव्वाचार महिने एकदाही कुरकुर न करता केलं. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

स्वयंपाकघर मला मनापासून आवडलं. तीन शेगड्या, खाली फ्रीज, हात लांबवला की सगळं मिळतं. मोहरी-हिंगाची फोडणी दिली की धुराचा अलार्म बोंबलतो, त्यामुळे आधी छताचा पंखा उलटा फिरवायचा, खिडकी उघडायची आणि मगच तेल तापवायचं. आम्ही काही दिवस फोडणी बाहेर दिली, पण अस्वलांच्या भागात बाहेर अन्न मांडून बसता येत नाही. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिजला तर अस्वलांमुळेच तंबू आणि कापडी भिंतींचे ट्रेलर चालत नाहीत, फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्या. तिथे आपण साडेसात हजार फुटांच्या वर असतो. पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यातला भात कणीदारच राहतो. कुकर नेलाच पाहिजे, आणि तुरीच्या डाळीला घरच्यापेक्षा दोन शिट्ट्या जास्त.

आता फिरण्याचं. चोवीस फूट ऐकायला लहान वाटतं. आरव्हीच्या दुनियेत ते लहानच आहे. पण ही पार्कं ज्या काळात बांधली गेली, त्या काळच्या मोटारींच्या मापाची आहेत. ग्लेशियरमधला गोइंग-टू-द-सन रोड १९३२ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या घाटातल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला मनाई आहे. आमची गाडी तीन फुटांनी जास्त. एवढ्या लांब जाऊन तो रस्ता आम्ही पार्कच्या शटलमध्ये बसून पाहिला, लोगन पास या खिंडीत उतरलो, पण मध्ये वाटेल तिथे थांबता आलं नाही. एका वळणावर धबधब्याचं पाणी थेट रस्त्यावर पडत होतं, तिथे मला दहा मिनिटं उभं राहायचं होतं. यलोस्टोनमध्येही तेच. ग्रँड प्रिझमॅटिक या उष्ण झऱ्याच्या पार्किंगला तीनदा गेलो, तीनदा जागा नाही. चौथ्या वेळी सकाळी साडेसहाला पोचलो तेव्हा जागा मिळाली, पण गार हवेत वाफ इतकी होती की रंग दिसेनात. ऊन चढेपर्यंत थांबलो. मग आधी कडेचा नारिंगी पट्टा आणि नंतर मधला निळा असा तो झरा हळूहळू उघडत गेला. कडेचे ते रंग उष्ण पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचे आहेत. मधल्या निळ्यात पाणी इतकं कढत की तिथे तेही तगत नाहीत.

झायनचा बोगदा मी चालवला. ब्राइसहून पूर्वेच्या दाराने आत शिरलं की १९३० चा, १.१ मैल लांबीचा हा बोगदा लागतो. ७ फूट १० इंचांहून रुंद किंवा ११ फूट ४ इंचांहून उंच गाडी त्यातून आपल्या लेनमधून जाऊच शकत नाही, छताची कमान कोपऱ्याला लागते. आमच्या वेळी १५ डॉलरचा परवाना घ्यायचा, रेंजर समोरची वाहतूक अडवायचे आणि आपण रस्त्याच्या मधोमध चालवायचं. आत दिवे नाहीत. मध्येच खडकात खिडक्या कोरल्या आहेत, त्यातून क्षणभर लाल दरी डोळ्यांवर येते आणि पुन्हा काळोख. "तिकडे बघू नकोस, रेषेवर बघ," हे सारखे म्हणत होते आणि स्वतः मात्र खिडकीतून मान बाहेर काढायच्या बेतात होते. बाहेर पडल्यावर माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. तुम्ही बेत आखत असाल तर लक्षात घ्या: २०२६ च्या मध्यापासून मोठ्या गाड्यांना हा रस्ता बंद करण्याचं पार्कने जाहीर केलं आहे. मग लांबचा वळसा घ्यावा लागेल.

मॉन्युमेंट व्हॅलीत चूक आमची झाली. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण नाव्हाहो नेशन, म्हणजे मॉन्युमेंट व्हॅली ज्यात येते तो नाव्हाहो आदिवासींचा प्रदेश, करतो. पेजला ॲरिझोनाची वेळ चालते. तिथे अँटिलोप कॅन्यन पाहून आम्ही त्याच वेळेच्या हिशेबाने चारच्या जीप टूरला पोचलो, तर तिथे पाच वाजले होते आणि टूर निघून गेली होती. खाली सुळक्यांमधून फिरणाऱ्या १७ मैलांच्या कच्च्या रस्त्यावर आरव्ही नेता येत नाही, त्यामुळे जीपशिवाय इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीत जागा मिळाली. हे आदिवासींचं पार्क आहे, नॅशनल पार्कांचा फेडरल पास तिथे चालत नाही.

पासवरून आठवलं. ह्यांचं वय ६३. नागरिक किंवा कायम रहिवासी असाल आणि ६२ पूर्ण असतील तर ८० डॉलरमध्ये आयुष्यभराचा सीनियर पास मिळतो. पार्क सर्व्हिस स्वतः चालवते त्या बऱ्याच कॅम्पग्राउंडमध्ये त्याच्यावर निम्म्या दरात जागा मिळाली. साध्या जागा २० ते ३५ डॉलर, सगळ्या जोडण्यांच्या ७० ते १००. पेट्रोलने मात्र कंबर मोडली: लिटरला साडेतीन किलोमीटर, एकूण सुमारे ४,६०० डॉलर. पार्कमधल्या बऱ्याच जागांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि काही मिनिटांत संपतं. पण रद्द झालेल्या जागा रोज परत येतात. मी रोज सकाळी चहाबरोबर तेच काम करायचे.

गाडीतला दोष सांगते, कारण घेणाऱ्याला तो ठाऊक असायला हवा. विकणाऱ्याने "पूर्ण तपासलेली" असं लेखी दिलं होतं. मोआबला रात्री वादळी पाऊस झाला आणि पहाटे केबिनवरच्या पलंगाची उशी ओली लागली. मी कोपऱ्यातल्या प्लायवर अंगठा दाबला तर तो भिजलेल्या पावासारखा आत गेला. क्लास सी गाड्यांची ही जुनी दुखती जागा आहे: पुढे आलेल्या पलंगाच्या सांध्यातलं सील सुकतं आणि पाणी मुरत राहतं. जवळच्या गॅरेजने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. मग आम्हीच शिडी आणली, जुनं सील खरवडलं, ब्युटाइल टेप लावली, वरून छताचं सीलंट ओतलं. दोन दिवस गेले. पुढे यलोस्टोनच्या पावसात थेंब आला नाही, पण कुजलेलं लाकूड कुजलेलंच राहिलं. टायरचंही तसंच. नक्षी नवीकोरी दिसत होती. बाजूच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचले तर टायर गाडीइतकेच जुने, सात वर्षांचे. सहाही बदलून घेतले.

आणि मग नऊ गुण कशाचे, तर संध्याकाळ आणि पहाटेचे. दिवसभराची गर्दी पाचनंतर बाहेरच्या हॉटेलांकडे निघते आणि आपण आतच असतो. यलोस्टोनच्या हेडन व्हॅलीत एकदा बायसनचा, म्हणजे अमेरिकी रानगव्यांचा, कळप रस्ता ओलांडायला लागला. नियम २५ यार्ड लांब राहण्याचा, पण तेच आपल्या अंगावर चालत येतात तेव्हा गाडी बंद करून बसायचं. आम्ही मागे जाऊन भाताचं पातेलं मांडीवर घेतलं आणि जेवता जेवता बघत बसलो. एक मादी खिडकीला लागूनच थांबली. तिच्या पापणीवर चिखलाचे वाळलेले कण होते. तिच्या श्वासाने काच धुरकट झाली आणि ती पुढे गेल्यावरही तो डाग बराच वेळ तसाच होता. ह्यांनी तो पुसू दिला नाही.

दोघांनी एवढ्याशा जागेत राहणं सोपं नव्हतं. मी पाचला उठते, हे साडेसातला. आम्ही पडदा लावला, मी चहा रात्रीच थर्मासमध्ये भरून ठेवायला लागले. गाडी मागे घेताना एकमेकांवर ओरडायचं नाही, फोन लावून हळू बोलायचं, हे दुसऱ्या आठवड्यात ठरलं आणि शेवटपर्यंत टिकलं.

साउथ डकोटात आम्ही थकलेलो होतो. रशमोर पाहिलं, बॅडलँड्समध्ये दोन रात्री राहिलो. वॉल गावातलं वॉल ड्रग हे प्रसिद्ध दुकान १९३० च्या दशकात रस्त्यावर पाट्या लावून फुकट बर्फाचं पाणी देऊन नावारूपाला आलं. अजूनही देतात. मी दोन ग्लास प्यायले.

ही गाडी आता विकायला काढली आहे. पुढच्या वेळी २१ फुटांच्या आतली व्हॅन घ्यायची, एवढं आमचं नक्की आहे. बघायला कुणी आलं की मी आधी त्यांना शिडीवर चढवते आणि त्या कोपऱ्यावर अंगठा दाबून बघायला सांगते.