लाकूडफोडणी यंत्र घरी बनवायचंय: ट्रॅक्टरवर चालवावं की मोटरवर?

दारात ट्रॅक्टर उभा आहे, मग लाकूडफोडणी यंत्रही त्यावरच चालवू, असं ठरवून बरेच जण कामाला लागतात. त्याआधी एक गोष्ट पक्की करा: ओंडके यंत्रापाशी येणार आहेत की यंत्र ओंडक्यांपाशी न्यायचं आहे? वखार, हॉटेलची भट्टी, स्मशानभूमीचं लाकूड-कोठार अशा एका जागी रोज फोडायचं असेल तर मोटर घ्या. बांधावरची बाभूळ पाडली, वर्षातून चार-आठ दिवसांचं काम आणि तेही वीज नसलेल्या रानात, तर ट्रॅक्टर.

या यंत्रात तेलाच्या दाबाने चालणारा जॅक ओंडका पाचरीवर रेटतो. तुलनेसाठी दोन्हीकडे जॅक एकच धरू: डबल ॲक्टिंग (पुढे आणि मागे दोन्हीकडे तेलाच्या दाबाने जाणारा), बोअर (आतला व्यास) १०० मिमी, रॉड (बाहेर येणारा दांडा) ५० मिमी, स्ट्रोक (चालीची लांबी) ६०० मिमी. १५० बार दाबाला तो १२ टन जोर देतो. सरळ रेषांची बाभूळ, आंबा, निलगिरी एवढ्यात फुटते. चिंचेचे रेषे एकमेकांत गुंतलेले असतात, तिचा जाड बुंधा मधोमध फोडायला न जाता कडेकडेने सोलत आणायचा. १२५ मिमी बोअर घेतला तर जोर पावणेएकोणीस टनांवर जातो खरा, पण दर फेरीला तेल दीडपटीहून जास्त लागतं आणि यंत्र तेवढंच संथ होतं.

ट्रॅक्टरच्या पंपाचा प्रवाह मॉडेलप्रमाणे बदलतो. मिनिटाला ३० लिटर धरले तर जॅक साडेनऊ सेकंदांत पुढे जातो आणि सातेक सेकंदांत मागे येतो. वेग उत्तमच. अडचण तेलाच्या वाटेत आहे. डंपिंग ट्रॉलीसाठी दिलेलं कनेक्शन बहुधा एकाच नळीचं असतं: तेल दाबाने जातं आणि ट्रॉली स्वतःच्या वजनाने खाली बसताना त्याच नळीतून परत येतं. फोडणीच्या आडव्या जॅकला मागे रेटणारं वजनच नाही, म्हणून तो पुढे जाऊन तिथेच अडकतो. ट्रॉलीचा टेलिस्कोपिक (एकात एक नळ्यांचा) जॅकही याच कारणाने इथे चालत नाही, शिवाय प्रत्येक टप्प्याला त्याचा जोर घटत जातो. ट्रॅक्टरवर दोन नळ्यांचा डबल ॲक्टिंग व्हॉल्व असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर यंत्रावर वेगळा लिव्हर व्हॉल्व बसवा आणि त्याची रिटर्न (तेल परत नेणारी) नळी मोकळ्या वाटेने थेट ट्रॅक्टरच्या हाउसिंगमध्ये (तेल साठतं त्या भागात) सोडा. रिटर्नचं कपलिंग अर्धवट बसलं तर दाब मागे कोंडतो आणि व्हॉल्वचं सील, कधी अख्खा व्हॉल्वच, फुटतो.

दुसरी गोष्ट त्याहून महागात पडते. बहुतेक ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचं आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं. भंगारातून आणलेल्या जॅकमध्ये गंज किंवा लोखंडाचा कीस राहिला तर तो थेट गिअरबॉक्समध्ये जातो. जॅक उघडून, डिझेलने धुऊन, नवं सील किट टाकूनच जोडा. रॉडच्या क्रोमला खड्डे पडलेले असतील तर तो घेऊच नका, नवं सीलही आठवड्यात फाटतं. पहिल्यांदा जॅक भरताना पाचेक लिटर तेल उतरतं, तेव्हा डिपस्टिक बघून त्याच ग्रेडचं भरा.

मोटरवर सगळा हिशेब शक्तीचा. दाब (बार) गुणिले प्रवाह (मिनिटाला लिटर) भागिले ६०० म्हणजे किलोवॅट. पंपातली घट धरायला त्याला ०.८५ ने भागा. ५ एचपी, १४४० आरपीएमच्या मोटरवर ८ सीसीचा (दर फेऱ्याला ८ घन सेंमी तेल देणारा) गिअर पंप मिनिटाला साडेअकरा लिटर देतो आणि १५० बारला ३.४ किलोवॅट खातो. मोटरला हे झेपतं, पण जॅक पुढे जायला २५ सेकंद आणि मागे यायला १८. मग वैतागून १६ सीसीचा पंप लावला जातो, त्याच दाबाला जवळजवळ ७ किलोवॅट लागतात आणि ओव्हरलोड रिले (जास्त भार आला की मोटर बंद करणारा) पडत राहतो.

यावर खरा उपाय दुहेरी पंप. १६ आणि ८ सीसीचे दोन पंप एका शाफ्टवर, अनलोडिंग व्हॉल्व ४० बारला लावलेला. मोकळ्या चालीत दोघांचं मिळून साडेचौतीस लिटर तेल. पाचर लाकडात रुतून दाब ४० च्या वर गेला की मोठ्या पंपाचं तेल टाकीत वळतं आणि छोटा एकटा १५० पर्यंत रेटतो. पहिली चीर गेली की दाब पडतो, मोठा पंप पुन्हा कामाला लागतो. संथ चाल काही सेंटिमीटरांपुरतीच उरते आणि पूर्ण फेरी पंधरा-वीस सेकंदांत होते, म्हणजे ट्रॅक्टरच्या बरोबरीने. हात सैल सोडून पैसे घालायचे तर इथेच.

नळ्यांत मात्र काटकसर नको. जॅक मागे येताना साडेचौतीस लिटर आत जातात तेव्हा ४६ लिटर बाहेर पडतात, म्हणून रिटर्न पाऊण इंची. सक्शन (टाकीतून पंपाकडे तेल ओढणारी नळी) सव्वा इंची, टाकी ६० लिटरची आणि तिचा तळ पंपाच्या तोंडापेक्षा वर. सक्शन कोंदलं तर पंप किंचाळतो, तेलाला फेस येतो, जॅक धक्के देत चालतो. दाबाची नळी अर्धा इंची, दोन जाळ्यांची आर-२ घ्या.

५ एचपीला थ्री फेज हवा. सिंगल फेजवर ३ एचपी, ५ सीसीचा पंप आणि ८० मिमी बोअर एवढ्यावर थांबा. मिळणारे साडेसात टन घरच्या बंबाच्या लाकडाला पुरतात. शेतीपंपाच्या जोडणीवर वखारीचं यंत्र चालवणं नियमात बसत नाही.

दोन्ही पर्यायांत गर्डर मात्र सारखाच, आणि बहुतेक यंत्रं तिथेच वाकतात. जॅकचा मध्य गर्डरच्या वर १२० मिमी असेल, तर १२ टनांना आयएसएमबी १५० (१५० मिमी उंचीचा आय-आकाराचा गर्डर) मध्ये चौरस मिमीला ३०० न्यूटनच्या आसपास ताण येतो. साध्या पोलादाची हद्द २५०. तोच आयएसएमबी २०० मध्ये १५५ वर राहतो. वजन मीटरला २५ किलो, ते सोसा. पाचर २५ मिमी प्लेटची, मागे आधाराच्या पट्ट्या, वेल्डिंग कोरड्या ७०१८ वेल्डिंग-रॉडने. जॅकच्या रॉडचं टोक ढकलप्लेटला (ओंडका रेटणाऱ्या प्लेटला) वेल्ड करू नका, पिनने जोडा. ओंडका तिरका झाला की वेल्ड केलेला रॉड ग्लँडवर (जॅकच्या तोंडाशी सील धरणाऱ्या भागावर) घासतो आणि तेल गळायला लागतं. पूर्ण स्ट्रोकला प्लेट आणि पाचरीत २० मिमी फट ठेवा.

लिव्हर पुढच्या चालीत हात सोडताच मध्यावर येणारा हवा. आपोआप अडकून राहायची सोय फक्त मागच्या चालीला चालते. बारीक गळती बोटाने चाचपू नका. १५० बारचं तेल कातडीत घुसलं तर वरून टोचल्याएवढंच दिसतं, तरी तातडीने शस्त्रक्रिया लागते. पुठ्ठा फिरवून बघा. रिलीफ व्हॉल्व (जास्तीचा दाब सोडणारा) आधी पूर्ण सैल करा, जॅक शेवटापर्यंत नेऊन लिव्हर धरून ठेवा आणि गेजकडे बघत पाव-पाव फेऱ्याने १५० पर्यंत आवळा.