मालवणातलं केबल इंटरनेट: मॉडेम बदलून घ्या, मगच शिव्या घाला

चिवला बीचच्या बाजूला केबलचं नेट घ्यावं का, असं विचारणाऱ्यांसाठी लिहितेय. मी घरून जीएसटीची कामं करते. 3बी (दर महिन्याचं जीएसटी रिटर्न) भरायची 20 तारीख शनिवार-रविवारला लागून आली की माझं डोकं फिरतं, कारण तेव्हाच वाडीतले सगळे होमस्टे भरलेले असतात. रात्रीची जेवणं उरकली की खोलीखोलीत टीव्हीवर सिनेमे, आणि माझं पोर्टल नुसतं गोल फिरत बसायचं. पहाटे तोच प्लॅन सुसाट!

प्लॅन वाढवून काही फरक पडला नाही. दोष मॉडेमचा होता. जुना मॉडेम एकाच डाउनस्ट्रीम चॅनेलवर, म्हणजे केबलमधून डेटा घरात आणणाऱ्या एकाच वाटेवर चालतो. 8 मेगाहर्ट्झच्या एका चॅनेलवर जेमतेम 50 एमबीपीएस मिळतात, तेही त्या चॅनेलवरच्या सगळ्या घरांत वाटून. शेजारचा चॅनेल रिकामा असला तरी आपल्याला त्याचा उपयोग शून्य. पावसात लाईट जाऊन आली की तर विचारूच नका. केबलवाल्याचा मुलगा म्हणाला, "वैनी, लाईट इली की सगळे एकाच चॅनेलार जावन बसतत." मग केबलवाल्याच्या ऑफिसमधलं मशीन थोड्या मॉडेमना दुसऱ्या चॅनेलवर हलवतं. त्या हलवाहलवीत जुना मॉडेम कधी कधी नव्याने नोंदणी करतो, म्हणजे चालू कॉल कट.

आता डॉक्सिस 3.0 चा (डॉक्सिस म्हणजे केबलवरच्या इंटरनेटचं मानक) मॉडेम आहे. तो चार चॅनेल एकत्र धरतो, त्यामुळे डेटा चारींवर पसरतो आणि एकाच चॅनेलवर गर्दी होत नाही. शनिवारी रात्रीही रिटर्न भरलं जातं. वेग थोडा उतरतो, पण काम अडत नाही.

केबलवाल्याचा मुलगा कामाचा निघाला. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मॉडेमच्या पानावर चौथ्या चॅनेलचा सिग्नल पडलेला बघून तो थेट गच्चीवर गेला. तिथला कनेक्टर खाऱ्या वाऱ्याने हिरवा पडला होता, आत पाणी गेलेलं. तो कापून नवा बसवला, वर रबरी टेप गुंडाळली. इथे दर पावसाळ्यानंतर हे तपासून घ्यावंच लागतं.

तक्रारी आहेतच. फोनवरची बाई काहीही सांगा, "रीस्टार्ट करा" एवढंच म्हणते. अपलोड रडतखडत. आणि खांबावरच्या अँप्लिफायरला (सिग्नल वाढवणाऱ्या डब्याला) बॅटरी नाही, त्यामुळे घरात इन्व्हर्टर असूनही लाईटबरोबर नेट जातं. यासाठी दीड स्टार कापलाय, पाचपैकी साडेतीन.

नवीन कनेक्शन घेणार असाल तर बसवायला आलेल्या माणसासमोरच ब्राउझरमध्ये 192.168.100.1 उघडा. बहुतेक केबल मॉडेमचं पान तिथेच असतं. डाउनस्ट्रीमखाली चारही चॅनेल लॉक (म्हणजे मॉडेमने पकडलेले) दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.